शोरा

आयर्लंड, १६४२

कारकून, पिसाचं टोक झिजलंय तुझं, नवं घे.
मी हळू बोलतो. तुझी भाषा मला परकी,
फावड्याला मात्र दोन्ही येतात.

नाव फर्डोरा मॅकगिला. वय? आई म्हणायची,
गुरांवर रोग आला त्या साली झालास.
धंदा खड्ड्यांचा.
बॅलीक्लॅरिनमध्ये जो मेला तो माझ्या हातून गेला.
लॅटिन ऐकत गेला की इंग्रजी ऐकत,
मी टोपी काढून भिंतीशी उभा.
इंग्रज पैसे वेळेवर द्यायचे.
हेही लिही.

पानगळीत बंड उठलं.
चाळीस वर्षं गवताच्या गंजीआड गुडघे टेकणारी माणसं
भर दुपारी, मोठ्याने रडत, चर्चात शिरली.
मीही रडलो. लाज कसली त्यात?
मग जोगी बाबा फरशीकडे बघून म्हणाले,
पाखंडी खाली झोपलेत तोवर वेदी बाटलेलीच.
आणि माझ्याकडे वळून:
तूच पुरलेस ना? तूच काढ.

पहिला निघाला जर्व्हिस टॅपली, चांभार.
सहा महिन्यांचा मेलेला.
त्यानं उधारीवर शिवलेले जोडे
माझ्या पायांत होते,
त्याच जोड्यानं मी फावडं दाबलं.
त्याच्या कुशीत त्याचं पोर,
थॉमसिनच्या पोलक्याच्या बाहीत गुंडाळलेलं,
एवढंसं,
मी काढलं नाही म्हणालो.
दुसऱ्या कुणीतरी काढलं.

कोबीच्या वाफ्यात टाकले सगळे.
माझी बायको कंदील धरून होती,
म्हणून डाव्या हातानं क्रूस केला तिनं.
तो चालतो का, कुणाला विचारायचं?

खाली आणखी हाडं लागली.
जुनी, चहूकडे पसरलेली,
इंग्रजांना जागा हवी म्हणून
कुणीतरी आधी कधी उपसून पुन्हा ढकललेली.
एक लाकडी मणी सापडला, जपमाळेचा असावा,
किंवा गुंडी.
बाबांनी विचारलं, हे आपले की त्यांचे?
मी दात पुसून पाहिले.
बाबा, म्हटलं, दातच आहेत.

मग कप्तान आला. चिमूटभर माती जिभेला लावली त्यानं.
म्हणाला, गोड आहे, भरा पिंपं.
मेलेल्यांच्या मातीत शोरा उतरतो म्हणे,
दारूगोळ्याला लागतो.
ब्रूअरच्या तांब्याच्या कढईत
आम्ही आठवडाभर चर्चची माती उकळली,
राख घालून, फडक्यातून गाळून.
मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ना,
ते मी पाहिलंय:
कढईच्या काठाला गोठतं,
पांढरं, सुयांसारखं,
सकाळी गवतावर दव थिजतं तसं.

पुलावर तोफ उडाली तेव्हा मी टेकाडावर होतो.
तुमची किती माणसं पडली ते तुला ठाऊक.
मी धूर पाहत होतो.
त्यात टॅपली होता, पोर होतं,
माझा आजाही असेल, त्यालाही त्याच फरशीखाली ठेवलेलं,
सगळे एका फुंकरीत,
नदीवरून खाली, ओल्या शेतांवर.
घशाशी आलं. खोकलो.

आता तुझी फौज आलीय,
आणि मेजर म्हणतो, होते तिथे पुन्हा पुर.
काय पुरू?
वाफ्यात कोल्हे येऊन गेले.
माती कमी पडतेय, कारकून,
फरशी हातभर खचलीय,
भांडणाऱ्या दोघांनीही ती बघून घ्यावी.
पोराची बाही मात्र मी ठेवलीय. धुतलीय.
थॉमसिन जिवंत असेल तर सांग,
नाही तर सांगू नकोस.

झालं? सही नको, फुली मारतो.
कुठल्या पंथाची फुली, ते समासात लिहू नकोस.

आणि जाताना एक.
डाव्या जोड्याचा तळ सुटलाय.
तुमच्या फौजेत कुणी शिवणारा आहे का?
गावात आता कुणी नाही.